मारामुरेशच्या डोंगरगावात चार दिवस कसे राहावे

रोमानियाच्या उत्तर टोकाला, युक्रेनच्या सीमेला लागून मारामुरेश हा डोंगराळ जिल्हा आहे. तिथे एका दिवसात पाच गावे उरकणाऱ्या प्रवाशाला पाच कोरीव फाटके तेवढी दिसतात, त्यामागचे अंगण मात्र दिसायचे राहून जाते. म्हणून एकच गाव निवडावे आणि तिथे किमान तीन रात्री मुक्काम करावा. गुतुय डोंगराच्या पायथ्याशी वसलेले ब्रेब हे गाव त्यासाठी मला सर्वांत सोयीचे वाटते.

प्रथम कागदपत्रे. जानेवारी 2025 पासून रोमानिया पूर्णपणे शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आल्यामुळे भारतीय पारपत्रधारकाला वेगळ्या रोमानियन व्हिसाऐवजी शेंगेन व्हिसाच लागतो. क्लुज-नापोका किंवा बाया मारे येथवर विमानाने अथवा रेल्वेने यावे. पुढे बाया मारेहून सिगेत शहराकडे जाणारा घाटरस्ता धरावा. आतल्या गावांसाठी गाडी भाड्याने घेतलेली बरी. घरगुती मुक्कामाचे पैसे देण्यासाठी सुट्टे लेउ, म्हणजे तिथले चलन, जवळ ठेवावे.

वेळ निवडताना जुलै-ऑगस्ट, म्हणजे गवतकापणीचा हंगाम गाठावा, कारण गावाचे सगळे वर्ष या गवतावर उभे असते. हिवाळ्यात गोठ्यातल्या जनावरांना तेच पुरवायचे असते. लांब दांड्याच्या विळ्याने उभ्यानेच गवत कापतात. कापणाऱ्याच्या कमरेला पाण्याने भरलेली एक नळी लटकत असते आणि तीत धार लावायचा दगड बुडवलेला असतो. थोडे कापून झाले की तो थांबतो, दगड काढतो, पात्यावर दोन्ही बाजूंनी सपासप फिरवतो आणि पुन्हा कामाला लागतो. वाळलेले गवत मधल्या खांबाभोवती रचून उंच गंजी घालतात. हे पाहताना कापायच्या उभ्या गवतातून चालू नये, बांधाबांधाने जावे. आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही ते रुचत नाहीच. मेंढ्यांच्या कळपाजवळ राखणीचे कुत्रे असतात, तेव्हा दुरूनच वळसा घालावा. जंगलात अस्वले आहेत, त्यामुळे संध्याकाळी एकट्याने रानवाटा धरू नयेत.

घराचे फाटक ही त्या कुटुंबाची प्रतिष्ठा असते. लाकडावर पिळदार दोर, सूर्य आणि जीवनवृक्ष कोरलेले असतात. फाटक उघडे असले तरी बाहेरूनच ‘बुना झिवा’ म्हणून हाक द्यावी आणि माणसांची छायाचित्रे विचारूनच काढावीत. जेवणापूर्वी यजमान बहुधा ‘होरिंका’ देतील. ही फळांपासून दोनदा गाळलेली कडक दारू असते. पीत नसल्यास सुरुवातीलाच हसून तसे सांगावे. पीत असल्यास ‘नोरोक’ म्हणून छोटे घोट घ्यावेत.

शाकाहारी प्रवाशाने दोन शब्द पाठ करावेत. ‘फारा कार्ने’ म्हणजे मांसाविना. दुसरा शब्द त्याहून उपयोगी आहे: ‘दे पोस्त’, म्हणजे उपवासाचे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत बुधवार, शुक्रवार आणि सणांपूर्वीचे मोठे कालखंड उपवासाचे असतात. त्या दिवशीच्या स्वयंपाकात मांसच काय, दूध-अंडीही नसतात (काही दिवशी मासे चालतात, एवढे विचारून घ्यावे). आपल्या साबुदाण्याचे नाव काढले तर यजमानीण गोंधळेल, पण उपवासाचे वेगळे जेवण ही कल्पना तिला समजावून सांगावी लागत नाही. एरवी ‘ममलिगा’ मागावी. मक्याच्या पिठाची ही घट्ट उकड चीज आणि आंबट सायीबरोबर वाढतात. सोबत डुकराच्या चरबीचे तुकडे येऊ शकतात, म्हणून आधीच सांगून ठेवावे.

रविवारची सकाळ चर्चसाठी राखावी. या जिल्ह्यातील आठ लाकडी चर्च 1999 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. त्यांपैकी बुदेश्त आणि देसेश्त येथील चर्च ब्रेबपासून जवळ आहेत. स्त्रियांनी डोक्यावर रुमाल घ्यावा, गुडघे झाकलेले असावेत, आणि प्रार्थना चालू असेल तर मागे उभे राहावे. रविवारी शेतकाम बंद असते आणि थोरली मंडळी फाटकाबाहेरच्या बाकावर बसलेली असतात. अशा बाकावर बोलावणे आले तर पुढचा बेत रद्द करून खुशाल बसावे.

निघण्याच्या दिवशी हाताशी वेळ असेल तर सपुन्त्सा येथील ‘आनंदी स्मशान’ पाहावे. स्तान इओन पत्राश या कारागिराने 1930 च्या दशकात तिथे निळे रंगवलेले लाकडी क्रूस घडवायला सुरुवात केली. प्रत्येक क्रूसावर मृताचे चित्र आणि बहुधा त्याच्याच तोंडी घातलेल्या ओळी असतात: कोणी आपल्या दारूची कबुली देतो, तर कोणी सासूची तक्रार करतो.