कार्बन रिमवरचे स्टिकर काढताय? आधी नख फिरवून बघा

सायकलसाठी सेकंडहँड घेतलेली 50 मिमी डीप (म्हणजे तेवढ्या उंच रिमची) कार्बन व्हील्स घरी आणली, तेव्हा त्यांवरचे स्टिकर अर्धे सोललेले होते. रात्री जेवण आटोपून मी कटर घेऊन बसलो. पहिलं अक्षर मजेत निघालं. दुसऱ्याच्या टोकाशी पातं घसरलं आणि क्लिअर कोटवर, म्हणजे रिमवरच्या पारदर्शक थरावर, चार सेंटीमीटरचा ओरखडा उठला. सायकल उन्हात उभी केली की अजूनही आधी तोच दिसतो.

पण कटर ही माझी दुसरी चूक. पहिली चूक म्हणजे स्टिकर कुठल्या जातीचा आहे हे मी बघितलंच नव्हतं. अक्षराच्या कडेवरून नख आडवं फिरवा. अडकलं तर बहुधा स्टिकर क्लिअर कोटच्या वर आहे आणि तो निघेल. नख सरळ घसरत गेलं, तर अक्षरं क्लिअर कोटच्या खाली आहेत किंवा थेट रिमवरच छापलेली आहेत. ती काढण्याच्या फंदात पडू नका. सँडपेपर घेतला की आधी क्लिअर कोट जातो आणि मग कार्बनचे धागे. तशी अक्षरं नकोच असतील तर वरून काळं व्हिनाइल चिकटवावं आणि विषय संपवावा.

उष्णता हवी, भट्टी नको

हीट गनची हवा 500 अंशांच्याही वर जाते. कार्बनचे धागे ज्या इपॉक्सी रेझिनने धरलेले असतात, ते साधं असेल तर सव्वाशे-दीडशे अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. तेव्हा घरातला हेअर ड्रायर घ्या, तो सतत हलता ठेवा आणि रिमवर बोट टेकवून बघत राहा. बोटाला सोसवतंय तेवढंच गरम पुरे. त्याआधी टायरमधली हवा सोडा.

मग कोपरा नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने उचला. स्टिकर वर खेचू नका. तो स्वतःवरच दुमडत, रिमला जवळजवळ लागून, सावकाश मागे ओढा. सरळ वर ओढलं तर सैल झालेला क्लिअर कोटही सोबत निघू शकतो. स्टिकरचे तुकडे पडत असतील तर तो उन्हाने कडक झालाय, थोडी जास्त ऊब द्या. उलट तो च्युइंगगमसारखा ताणला जाऊन गोंद मागे सोडत असेल, तर ऊब जास्त झालीय. अर्धा मिनिट थांबा.

गोंद काढताना

इथे घाई महागात पडते. थिनर, ॲसिटोन, पेंट रिमूव्हर यांना हात लावू नका. पेंट रिमूव्हर रंगाशी थांबेलच असं नाही, तो रेझिनलाही खातो. मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ फडक्यावर घ्या आणि पुसा. फारच चिवट गोंद असेल तर खोबरेल तेलाचं बोट फिरवून दहा मिनिटं ठेवा, मग अल्कोहोलने तेल पूर्ण काढा. तेल राहिलं तर नवा स्टिकर धरणार नाही.

डिस्क ब्रेकवाल्यांनी आधी रोटर, म्हणजे ब्रेकची धातूची तबकडी, काढून बाजूला ठेवावा. मी एकदा गंज सोडवायचा स्प्रे गोंदावर मारला. त्याचे तुषार रोटरवर बसले आणि पुढचे कित्येक दिवस माझा ब्रेक अख्ख्या सोसायटीला ऐकू जात होता. शेवटी पॅड बदलावे लागले. रिम ब्रेक असेल तर ब्रेक ट्रॅकवर, म्हणजे रिमच्या ज्या पट्ट्यावर पॅड घासतात तिथे, गोंदाचा ठिपकाही राहू देऊ नका.

सगळं निघाल्यावरही अक्षरांची सावली दिसते? तो गोंद नाही. आजूबाजूचा क्लिअर कोट उन्हाने बदललाय आणि स्टिकरखालचा तसाच राहिलाय. घासून ती जाणार नाही. बारीक पॉलिशने थोडी फिकी होते, नाहीतर नवा स्टिकर त्याच मापाचा घ्यायचा.

हुकलेस रिमवर (टायर धरायला कडेला आकडा नसलेल्या) कमाल 5 बार दाब सांगणारा छोटा स्टिकर असतो. तो आणि सीरियल नंबरचा, दोन्ही राहू द्या.

नवा स्टिकर

गल्लीतल्या रेडियमवाल्याकडे प्लॉटर, म्हणजे शीटमधून अक्षरं कापणारं यंत्र, असतो, पण तो अक्षरं सरळ रेषेत कापून देतो. रिमवर 25 सेंटीमीटर लांबीची सरळ पट्टी धरून बघा: मधोमध रिमची कड पट्टीपासून जवळपास अडीच सेंटीमीटर वर चढलेली असते. म्हणून अक्षरं रिमच्या वळणावरच कापून घ्यावी लागतात. कागद रिमवर ठेवून कड पेन्सिलने उतरवा आणि तो कागदच त्याला द्या. शीट मागताना कास्ट व्हिनाइल मागा. साधी शीट जाड असते, ती काही महिन्यांत आक्रसते आणि कडा उचलते.

चिकटवताना व्हॉल्व्हपासूनचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. डोळ्याने लावलेला स्टिकर चाक फिरलं की नाचतो. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून रिमवर शिंपडा, म्हणजे स्टिकर सरकवता येतो. जागा पक्की झाली की फडकं गुंडाळलेल्या कार्डाने मधून कडेकडे पाणी ढकला. बुडबुडा राहिला तर बारीक सुईने टोचा आणि दाबा. ट्रान्सफर टेप (अक्षरं एकत्र धरणारी वरची चिकटपट्टी) काढताना अक्षर तिच्यासोबत उचललं जात असेल तर खाली अजून पाणी आहे. तासभर थांबा. पावसाळ्यात हे काम काढलंत तर दोन दिवस चाक घरातच ठेवा, आणि तोवर धुणं तर नकोच.