महापालिकेला पर्यावरणावर सल्ला द्यायला नागरिकांची समिती कशी उभी करायची (बेळगाव, निपाणी, खानापूरवाल्यांसाठी)

पावसाळा आला की आपल्याकडं दोन गोष्टी ठरलेल्या. बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरून भात कुजतं, आणि दोन दिवसांनी पेपरात कुणीतरी निवेदन देतानाचा फोटो येतो. निवेदन देण्यात काही चूक नाही ओ, पण ते देण्याचा दिवस चुकलेला असतो. जुलैत नाला साफ करा म्हणून सांगून काय उपयोग, त्याचे पैसे फेब्रुवारी-मार्चच्या बजेटमध्ये पडायला पाहिजे होते आणि टेंडर एप्रिलमध्ये निघायला पाहिजे होतं. म्हणून गल्लीतल्या चार शहाण्या माणसांनी वर्षभर बसून, मोजून, लिहून योग्य महिन्यात योग्य टेबलावर कागद ठेवायचा, एवढंच ह्या समितीचं काम. ते कसं करायचं ते बघू.

१. नवीन नाव काढण्याआधी कायद्यात काय आहे ते बघा

आपण पहिल्यांदा काय करतो, तर नाव ठरवतो, लेटरहेड छापतो, अध्यक्ष-उपाध्यक्ष-कार्याध्यक्ष नेमतो आणि तिथंच निम्मा उत्साह संपतो. त्यापेक्षा कायद्यानं नागरिकांसाठी ठेवलेल्या खुर्च्या आधी बघा.

एक म्हणजे वॉर्ड समिती. ७४व्या घटनादुरुस्तीप्रमाणं तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात ती सक्तीची आहे, आणि बेळगाव महापालिकेची लोकसंख्या २०११च्या जनगणनेतच पाच लाखाच्या आसपास होती. कर्नाटक महापालिका कायदा १९७६ मध्ये तिची सगळी रचना दिलीय: नगरसेवक अध्यक्ष, महापालिकेचा एक अधिकारी सचिव, आणि दहा नागरिक सदस्य, त्यात किमान तीन महिला, किमान दोन एससी-एसटी आणि दोन जण रहिवासी संघटनांचे. आपल्याकडं वॉर्ड ५८, म्हणजे हिशोब केला तर ५८० माणसांना कायद्यानं बसायची जागा. महिन्यातून एकदा बैठक, वॉर्डातला कचरा, बागा, पाणी, दिवे ह्यावर लक्ष, आणि वॉर्डासाठी विकासाचा आराखडा सुचवणं हे काम. तुमच्या वॉर्डात समिती आहे का, शेवटची बैठक कधी झाली, हे झोनल ऑफिसमध्ये जाऊन विचारा. नसेल तर तुमच्या ग्रुपचा पहिला अर्ज तोच, 'आमच्या वॉर्डाची समिती नेमा'.

दुसरी खुर्ची बऱ्याच जणांना माहीतच नसते, जैवविविधता व्यवस्थापन समिती. जैवविविधता कायदा २००२च्या कलम ४१ प्रमाणं प्रत्येक स्थानिक संस्थेनं ती करायची आहे, महापालिका असो नाहीतर ग्रामपंचायत. निपाणी, चिक्कोडी, खानापूरवाल्यांसाठी ही जास्त कामाची, कारण वॉर्ड समितीची ती तीन लाखाची सक्ती तिथं लागू होत नाही. ह्या समितीनं गावातली झाडं, तळी, पक्षी, पिकांच्या जुन्या जाती ह्यांची नोंदवही करायची असते. भीमगड अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या खानापूर तालुक्यातल्या माणसाला ह्यात लिहिण्यासारखं काही नाही असं कोण म्हणेल?

हे दोन्ही बघून झालं की मगच स्वतःचा स्वयंसेवकांचा ग्रुप करा. ग्रुप बाहेरून अभ्यास करणार, आणि त्यातले दोघं-तिघं वॉर्ड समितीत बसून तोच मुद्दा आत मांडणार. नुसता बाहेरचा ग्रुप असला तर साहेब चहा पाजून पाठवतात.

२. कुठला विषय कुणाचा

बेळगावात ही मोठी भानगड आहे. कॅम्पात राहत असाल तर तुमचं कॅन्टोन्मेंट बोर्ड, महापालिकेचा तिथं संबंध नाही. नवीन लेआउट म्हटलं की बुडा म्हणजे नगरविकास प्राधिकरण, विजेचं हेस्कॉम, बसचं वायव्य परिवहन, कारखान्याचा धूर किंवा नाल्यात सोडलेलं रसायन म्हटलं की राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ. झाडाची गोष्ट आणखी वेगळी, तिथं कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा १९७६ आणि वनखात्याचा वृक्ष अधिकारी. त्या कायद्यात एक चांगली सोय आहे. सार्वजनिक कामासाठी ५० पेक्षा जास्त झाडं तोडायची असली तर आधी जाहीर नोटीस काढून लोकांच्या हरकती मागवायला लागतात. व्हॅक्सिन डेपोतल्या झाडांवरून आपल्याकडं एवढे वाद झाले, पण झाडाला करवत लागल्यावर जमणारी गर्दी मोठी आणि नोटिशीच्या मुदतीत लेखी हरकत देणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके असं होऊ देऊ नका. नोटिसा बघत राहायचं काम एका माणसावर सोपवूनच टाका.

एका कागदावर विषय, खातं, अधिकाऱ्याचा हुद्दा असा तक्ता करा आणि ग्रुपवर पिन करून ठेवा. नाल्यासारख्या विषयात तर महापालिका एकटी नसतेच, नाला शहरातून निघून शिवारात जातो म्हणजे दुसरी खातीही आली, तेव्हा तीच प्रत जिल्हाधिकाऱ्यांनाही द्यायची.

३. माणसं कोण घ्यायची

सात ते अकरा बास. इंजिनिअर, वकील, प्राध्यापक मिळतातच, बेळगावात कॉलेजांना काय तोटा आहे काय. पण त्यांच्याबरोबर नाल्याकाठी शेत असलेला एक शेतकरी पाहिजेच पाहिजे, पाणी कुठनं कुठं फिरतं हे त्याला जितकं कळतं तितकं नकाशाला कळत नाही. कचऱ्याच्या गाडीवर काम करणारं कुणी, महिला मंडळातल्या एखाद्या काकू, आणि गणेशोत्सव मंडळाचा एक पोरगा. मंडळाचा पोरगा कशाला म्हणाल तर सांगतो, पीओपीच्या मूर्तीचा विषय असो नाहीतर विसर्जनानंतर कपिलेश्वर तलावाच्या पाण्याचा, बाहेरच्यानं सांगितलं तर भांडण होतं, मंडळातल्यानंच सांगितलं तर 'बघू की' असं तरी उत्तर येतं.

कन्नड उत्तम लिहिता-बोलता येणारे दोघं तरी घ्या. ते कशाला हे पुढं येतंयच. आणि मुस्लिम, लिंगायत, मराठा, जैन सगळ्या गल्ल्यांतली माणसं असू देत, नाहीतर तुमचा मुद्दा कितीही बरोबर असला तरी 'हे त्यांचं आहे' म्हणून बाजूला पडतो. सीमाप्रश्न आणि म्हादई नदीच्या पाण्याचा वाद हे दोन विषय मीटिंगमध्ये काढायचे नाहीत असा नियमच करा. दोन्ही महत्त्वाचे आहेत, मलाही त्यावर बोलायला आवडतं, पण ते सुरू झालं की रात्रीचे अकरा वाजतात आणि कचऱ्याचं राहूनच जातं.

४. विषय एकच धरा आणि मोजायला सुरू करा

'हवामान बदल' म्हणून गेलात तर कमिशनर मान हलवतील आणि पुढची फाईल घेतील. मुंबईनं २०२२ला, बेंगळुरूनं २०२३ला मोठे क्लायमेट आराखडे काढले, त्यासाठी बाहेरच्या संस्था, तज्ज्ञ, पैसा सगळं होतं. आपल्याकडं गल्लीतल्या पाण्यापासनं सुरू करायचं. पहिल्या वर्षी एकच विषय घ्या.

पाणी तुंबण्याचा घेतला तर असं करा. सरळ कडांची बाटली, पट्टी लावून पर्जन्यमापक होतो, बाजारात तयारही मिळतो. गच्चीवर झाडाच्या आडोशाला नाही अशा जागी ठेवायचा आणि रोज सकाळी साडेआठला वाचायचा, हवामान खातंही त्याच वेळेला वाचतं म्हणून आकडे जुळवता येतात. त्याच वहीत, कुठल्या चौकात पाणी साचलं, किती वाजता, गुडघ्याएवढं की घोट्याएवढं, किती तासानं उतरलं. फोटो काढताना मागं ओळखीची खूण येऊ दे, वेळ-तारखेसकट. ऑगस्ट २०१९च्या पुरात पाणी कुठपर्यंत आलेलं हे म्हाताऱ्या माणसांना विचारून भिंतींवर रंगानं रेघा मारा. राज्य आपत्ती निरीक्षण केंद्राचे म्हणजे केएसएनडीएमसीचे पावसाचे आकडे शेजारच्या रकान्यात लिहा. एका पावसाळ्यात अशी वही तयार झाली की 'अमुक चौकात एका दिवसात इतके मिलिमीटर पडला की पाणी साचतं' असं वाक्य तुम्ही लिहू शकता, आणि इंजिनिअरला ह्या वाक्यापासनं पळता येत नाही.

विहिरींचा विषयही चांगला आहे. जुन्या बेळगावात आणि टिळकवाडीकडं विहिरींना कमी नाही, १९२४च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खणलेली काँग्रेस विहीर तर सगळ्यांना माहीत आहे. वॉर्डातल्या विहिरींची यादी, मे महिन्यात पाणी किती फुटांवर, कचरा टाकलाय का, मोटर आहे का, एवढंच लिहायचं. सोबत छताच्या पाण्याचा हिशोब जोडा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, हजार चौरस फुटांचं छत म्हणजे जवळपास ९३ चौरस मीटर, आणि वर्षाला १००० मिलिमीटर धरला तरी ९३ हजार लिटर होतात. थोडं वाया जाणार धरून ७० हजार म्हणा. राकसकोप आणि हिडकलवरनं पाणी ओढून आणायचं आणि छतावरचं गटारात सोडायचं हे कसं, असं मग सरळ विचारता येतं.

झाडं लावायचा कार्यक्रम पहिल्या वर्षी घेऊ नका. फोटो छान येतो, पण मार्चपर्यंत पाणी कोण घालणार हे ठरलेलं नसतं.

५. कागद कसा लिहायचा

एका पानात बसला पाहिजे. 'नाल्याची समस्या गंभीर असून प्रशासनाने त्वरित लक्ष द्यावे' हे वाक्य आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर लिहिलंय, त्यात करण्यासारखं काही नसतं. त्यापेक्षा असं लिहा: 'अमुक पुलापासून तमुक पुलापर्यंतची जलपर्णी आणि गाळ ३१ मेपूर्वी काढावा, गाळ काठावर न ठेवता उचलावा, त्यासाठी येत्या बजेटमध्ये स्वतंत्र तरतूद करावी, काम झाल्यावर आमच्या दोन प्रतिनिधींसमोर पाहणी करावी.' खाली वहीतल्या चार ओळी, दोन फोटो, सह्या.

भाषेचं सांगतो. घटनेच्या कलम ३५० प्रमाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं द्यायचा तुम्हाला हक्क आहे, तेव्हा मराठीतनं निवेदन द्यायला कुणी अडवू शकत नाही. पण फाईल कन्नडमध्ये चालते, टिप्पणी कन्नडमध्ये लिहिली जाते, आणि क्लार्कला भाषांतर करायला लागलं की तुमचा कागद खाली जातो. म्हणून दोन्ही जोडा, वर कन्नड, मागं मराठी. ह्यात कमीपणा काही नाही, हक्क मराठी प्रतीनं राखला आणि काम कन्नड प्रतीनं झालं.

टपाल विभागात देऊन शिक्का-तारीख-नंबर असलेली पोच घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. साहेबांच्या हातात देऊन फोटो काढला तरी खाली येऊन पोच घ्यायचीच.

६. बजेट गाठा

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कागद तयार पाहिजे. बजेटपूर्व बैठकीला नागरिकांच्या सूचना मागवतात तेव्हा तिथं जाऊन तीन मिनिटांत बोला, पण त्याआधी नगरसेवकाच्या घरी जाऊन दादांना नाहीतर वहिनींना सगळं समजावून सांगा, सभागृहात बोलणार ते, श्रेय त्यांना घेऊ दे. आरोग्य आणि बांधकाम ह्या विषयांच्या स्थायी समित्यांचे अध्यक्ष कोण हे बघा. महापौर आणि स्थायी समित्या दरवर्षी बदलतात, म्हणजे दरवर्षी नव्या माणसाला पहिल्यापासनं सांगायचं, त्याला इलाज नाही.

एक आतली गोष्ट. कर्नाटकात नगरसंस्थांना आपल्या निधीतला २४.१० टक्के भाग एससी-एसटींसाठी राखून ठेवायला लागतो. तुंबणारी वस्ती दलित वस्ती असेल तर गटाराचं काम त्यातनं सुचवता येतं, वस्तीतल्या लोकांनाच ते मागू द्या. 'पैसे नाहीत' हे उत्तर तिथं चालत नाही.

७. मागे लागणं

महिनाभर वाट बघून माहिती अधिकारात विचारा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत पाहिजे, कुणाकडनं तरी आलेला लांबलचक नमुना उचलून चिकटवू नका. विचारायचं एवढंच: अमुक नंबरच्या अर्जावर काय कारवाई झाली, त्यावरच्या टिप्पणीची प्रत द्या. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. भांडायच्या सुरात लिहू नका, त्याच माणसाकडं परत जायचं असतं.

कचऱ्याच्या बाबतीत मात्र आपलंही बघायला लागतं. तुरमुरीच्या कचरा डेपोवर बोलायला गेलात आणि समितीतल्याच चार घरांत ओला-सुका एकत्र जात असेल तर गाडीवाला तुम्हाला बरोबर ओळखतो.

८. बैठक, वही, आणि प्रशासक आला तर

महिन्यातून एकदा, दीड तास, ठराविक वार. कोण काय करणार आणि कधीपर्यंत, एवढंच इतिवृत्तात. पदं वर्षानं फिरवा. वर्गणी घेतली तर हिशोब ग्रुपवर टाका, पक्षाच्या माणसाकडनं पैसे किंवा बॅनर घेऊ नका, समितीतला कुणी निवडणुकीला उभा राहिला तर त्यानं आधी समिती सोडायची हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा.

सभागृह नसतानाही काम थांबवायचं नाही. आपल्याकडं सप्टेंबर २०२१ला मतदान झालं आणि महापौर झाले फेब्रुवारी २०२३ला, त्याआधीही बराच काळ प्रशासकच होते. अशा वेळी नगरसेवक नसतो, पण बजेट होतंच, टेंडरं निघतातच. तेव्हा सगळे कागद थेट प्रशासक आणि आयुक्तांच्या नावानं द्यायचे, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. नवीन सभागृह बसलं की पहिल्या पंधरा दिवसांत वही, पोचपावत्या आणि आरटीआयची म्हणजे माहिती अधिकाराची उत्तरं ह्यांच्या झेरॉक्स एका फाईलमध्ये लावून नव्या नगरसेवकाकडं द्यायची, मूळ प्रत स्वतःकडं ठेवून.