गाळ्यातल्या मालाचा दर्जा आणि नवे प्रयोग: लघुउद्योजकांना साथ कशी द्यावी

मरोळ-साकीनाका, ठाण्याची वागळे इस्टेट, रबाळे-महापे आणि वसई या पट्ट्यांतील छोट्या गाळ्यांमध्ये मोठ्या कंपन्यांसाठी सुटे भाग तयार होतात. त्यांचा दर्जा वाढावा म्हणून वसाहतींतील उद्योजक संघटना, निवृत्त अभियंते आणि तंत्रशिक्षण देणारे प्राध्यापक मनापासून काही करू इच्छितात. परंतु बहुतेक वेळा या मदतीची सुरुवात व्याख्यानाने किंवा प्रमाणपत्राच्या माहितीने होते. माझ्या मते ती बाद झालेल्या मालापासून व्हायला हवी, कारण मालकाला रोज पैशांत जाणवणारी गोष्ट तीच असते आणि नव्या कल्पनाही बहुधा त्याच ढिगाऱ्यातून निघतात.

प्रथम स्वतःहून तयार असलेले मोजकेच गाळे निवडावेत आणि प्रत्येकाला महिनाभर रिजेक्शनची एक वही ठेवायला सांगावे. तीत जॉबचा (यंत्रावर बनणाऱ्या नगाचा) क्रमांक, यंत्र, वेळ, दोषाचा प्रकार आणि तो नग भंगारात गेला की पुन्हा दुरुस्त केला, एवढेच लिहावे. कामगाराचे नाव लिहू नये. नाव लिहिले की वाईट नग वहीत येण्याऐवजी कोपऱ्यातल्या पिंपात जातात आणि सगळी नोंद निरुपयोगी होते. दुरुस्त केलेल्या नगांची नोंद मात्र सक्तीने ठेवावी, कारण त्यांवर गेलेले तास कोणत्याही बिलात दिसत नाहीत.

समजा, महिन्याला 10,000 बुश (भोक असलेले नळीसारखे सुटे भाग) काढणाऱ्या गाळ्यात 400 नग बाद झाले. दोषांप्रमाणे वर्गवारी केल्यावर त्यांतील 230 नगांचे भोक मापाबाहेर गेलेले दिसले आणि वेळेप्रमाणे पाहिल्यावर त्यांतील बहुतेक नग सकाळी यंत्र सुरू केल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातले निघाले, तर शंका स्पिंडल (यंत्राचा फिरणारा मुख्य दांडा) तापून स्थिरावण्यापूर्वी घेतलेल्या कामावर जाते. यंत्र काही वेळ रिकामे फिरवून, पहिला जॉब तपासून, मगच ऑफसेट (यंत्रात भरलेली हत्याराची मापदुरुस्ती) कायम करण्याची सवय लावली की नवे यंत्र न घेता सुधारणा होऊ शकते. मदत करणाऱ्याने उपाय स्वतः सांगण्याची घाई करू नये. वही टेबलावर ठेवून फोरमन आणि सेटर (कामासाठी यंत्र जुळवणारा कारागीर) यांना बोलू द्यावे; कोणते फिक्श्चर (जॉब जागेवर पक्का धरणारे साधन) बदलावे, कुठे अडसर लावला म्हणजे जॉब उलटा बसणारच नाही, हे त्यांना आधीपासून ठाऊक असते, फक्त त्यांना कोणी विचारलेले नसते.

यानंतर मोजमापाकडे वळावे, आणि येथे वेळ खर्च करायला कचरू नये. एकच नग तीन माणसांनी प्रत्येकी तीनदा मोजावा आणि आकडे शेजारी शेजारी मांडावेत; त्यांत पडलेले अंतर जर ड्रॉइंगमधील टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) जवळ जात असेल, तर आपण नग नव्हे, मोजणाऱ्याची पद्धत तपासत आहोत असे समजावे. लांबीच्या मोजमापासाठी प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस मानले जाते. मुंबईच्या गाळ्यात ते सहसा मिळत नाही, तरी नग आणि मायक्रोमीटर यांचे तापमान एक असले तर बरीचशी चूक टळते. यंत्रावरून नुकताच उतरलेला 100 मिलिमीटरचा पोलादी नग मायक्रोमीटरपेक्षा 12 अंशांनी गरम असेल, तर तो सुमारे 14 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) मोठा मोजला जातो आणि ॲल्युमिनियमच्या बाबतीत हा फरक जवळजवळ दुप्पट होतो. उपकरणांचे कॅलिब्रेशन (माप बरोबर दाखवतात का याची तपासणी) एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतूनच करून घ्यावे. साकीनाक्याला केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाचे चाचणी केंद्रही आहे.

गाळ्याचा दर्जा गाळ्यातच ठरतो असे नाही. उष्मा प्रक्रिया, प्लेटिंग (धातूचा मुलामा) आणि ग्राइंडिंग बाहेर जॉबवर्कवर दिले जात असल्यामुळे त्या कारागिरांनाही पहिल्या बैठकीपासून बोलवावे. जास्त कडक पोलादाच्या बोल्टवर जस्ताचे इलेक्ट्रोप्लेटिंग केल्यावर ते काही तासांच्या आत सुमारे 200 अंश सेल्सिअसवर भाजले नाहीत, तर आत शिरलेल्या हायड्रोजनमुळे पुढे भाराखाली अचानक तुटू शकतात. ही अट ऑर्डरवर लिहून दिलेली नसेल, तर प्लेटिंगवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात तयार मालावर गंज येतो, तेव्हा हाताळणीचे हातमोजे, गंजरोधक तेल आणि व्हीसीआय कागद (गंज रोखणारी वाफ सोडणारा वेष्टनाचा कागद) यांचा खर्च कोटेशनमध्येच धरावा.

महागडी मोजणी यंत्रे एकट्याने घेण्यापेक्षा वसाहतीने मिळून घ्यावीत. केंद्राच्या क्लस्टर विकास कार्यक्रमातून सामाईक सुविधा केंद्रांना अनुदान मिळते. मात्र यंत्रापेक्षा विश्वास अवघड असतो. शेजारचा स्पर्धक आपले ड्रॉइंग पाहील या भीतीने केंद्र ओस पडू नये, म्हणून अहवाल फक्त जॉब आणणाऱ्यालाच मिळेल असा नियम लेखी करावा.

माटुंग्याची व्हीजेटीआय, पवईची आयआयटी, रसायने आणि रंगांसाठी रसायन तंत्रज्ञान संस्था हे सगळे लोकलच्या अंतरावर आहे. त्यांच्याकडे जाताना संघटनेने एका पानात अडचण लिहून द्यावी: काय बनते, काय बिघडते, किती बिघडते, आजवर काय करून पाहिले. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक असते, त्यामुळे तातडीच्या ऑर्डरचा प्रश्न त्यांच्यावर सोपवू नये.

प्रमाणपत्राची वेळ यानंतर येते. उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या उत्पादकांसाठी 2022 पासून झेड, म्हणजे ‘झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट’ (मालात दोष नको, पर्यावरणाला इजा नको), प्रमाणपत्राची योजना आहे आणि तिच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगाला 80 टक्के, लघुउद्योगाला 60 टक्के व मध्यम उद्योगाला 50 टक्के सवलत ठरवलेली आहे. लीन उत्पादनाच्या (वाया जाणारा वेळ, माल आणि श्रम कमी करण्याच्या) वेगळ्या योजनेत सल्लागाराच्या खर्चाचा 90 टक्के भार सरकार उचलते. महिनाभराची वही आणि मोजमापाचे आकडे हाती असले की या अर्जांतील बरेच रकाने खऱ्या माहितीने भरता येतात. अर्ज करण्याआधी योजनेच्या संकेतस्थळावरील चालू अटी पाहून घ्याव्यात.

एखाद्या फिक्श्चरमधून किंवा भागाच्या रचनेतून खरोखर नवे काही निघाले, तर ते गोरेगावच्या प्रदर्शनात मांडण्यापूर्वी किंवा ग्राहकाला दाखवण्यापूर्वी पेटंटचा तात्पुरता अर्ज दाखल करावा, कारण आधी उघड झालेली गोष्ट नवी मानली जाणे कठीण होते. तात्पुरत्या अर्जानंतर संपूर्ण तपशील देण्यासाठी 12 महिने मिळतात, आणि त्या काळात नमुना सुधारून घेता येतो. लघुउद्योगाने फॉर्म 28 (आपण लघुउद्योग असल्याचे सांगणारा अर्जाचा नमुना) जोडल्यास ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क मोठ्या कंपनीच्या 8,000 रुपयांऐवजी 1,600 रुपये पडते. नवेपणा केवळ वस्तूच्या आकारात किंवा दिसण्यात असेल, तर पेटंटऐवजी डिझाइन नोंदणी करावी. तिचे संरक्षण 10 वर्षे असते आणि पुढे 5 वर्षांनी वाढवता येते. मूळ कल्पना कामगाराची असेल, तर शोधकर्ता म्हणून अर्जात त्याचे नाव घालावे आणि हक्क कोणाकडे राहतील, त्याला काय मोबदला मिळेल, हे अर्जापूर्वीच त्याच्याशी लेखी ठरवावे.