सांगली-साताऱ्याच्या गॅलरीतील ऑर्किड

माझे पहिले ऑर्किड, एक डेन्ड्रोबियम, मी गुलाबासारखे लावले होते. तांबडी माती, कुजलेले शेणखत, मोठी कुंडी आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी असा सारा थाट सांगलीतल्या आमच्या गॅलरीत त्याला मिळाला आणि पाचव्या आठवड्यात रोप नुसते धरताच हातात आले. मुळे होती, पण चिमटीत धरली की साल सुटून येई आणि मध्ये बारीक दोरा तेवढा उरे. घरी लावण्यासाठी विकली जाणारी बहुतेक ऑर्किडे निसर्गात झाडांच्या फांद्यांवर वाढतात. आपल्याकडे त्यांना सर्रास बांडगूळ म्हटले जाते, ते चूक आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषते, ऑर्किड फक्त बसायला जागा मागते. त्याच्या मुळांवर मृत पेशींचा स्पंजासारखा थर असतो. तो पावसाचे पाणी पटकन टिपतो आणि वाऱ्यावर लवकर वाळतो. हा थर दिवसेंदिवस ओला राहिला की आतले मूळ गुदमरून कुजते. या छंदात पुढे जे जे करायचे, ते या एका गोष्टीभोवती फिरते.

रोप निवडताना फुलापेक्षा आपल्या गावाची हवा आधी पाहावी. सांगली-मिरजेत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारचा वारा कोरडा असतो. साताऱ्यात उन्हाळा थोडा सौम्य, पावसाळा जास्त ओला आणि हिवाळ्यातील रात्री चांगल्या गार असतात. दोन्हीकडे नवशिक्याने डेन्ड्रोबियमपासून सुरुवात करावी, कारण त्याची जाड कांडी पाणी साठवून ठेवते आणि एखाद्या आठवड्याचे दुर्लक्ष सोसते. ऑन्सिडियमही फारसा त्रास देत नाही. फॅलेनॉप्सिसला थेट ऊन सोसत नाही, पण घरातील उजेडाच्या खिडकीत ते छान राहते. व्हान्डाची मुळे उघडीच टांगावी लागतात; सांगलीच्या उन्हाळ्यात त्यांना दिवसातून दोनदा भिजवण्याची तयारी असेल तरच त्याच्या वाटेला जावे. सिंबिडियमला फुले येण्यासाठी बरेच दिवस गार रात्री लागतात. ज्याचे घर महाबळेश्वर-पाचगणीला आहे त्याने ते जरूर लावावे. सांगलीकराने फुललेली कुंडी पाहून मोहात पडू नये, कारण पुढची अनेक वर्षे तो फक्त पाने सांभाळत बसेल.

कुंडी मातीची, रोपाच्या मानाने लहान आणि तळाबरोबरच बाजूंनाही भोके असलेली घ्यावी. भरण म्हणून लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरावेत; प्रत्येक तुकडा साधारण सुपारीएवढा किंवा थोडा मोठा असावा. सोडणात क्षार असतात, म्हणून ते दोन-तीन दिवस पाण्यात भिजत घालून रोज पाणी बदलावे. कोकोपीटचा भुगा मात्र टाळावा. तो चिखलासारखा बसतो आणि हवा कोंडतो. साताऱ्याच्या पावसाळी हवेत सोडण कमी आणि कोळसा-वीट जास्त, तर सांगलीत सोडण थोडे जास्त, असे प्रमाण मला मानवले आहे.

रोप बदलताना जुनी कुंडी पाण्यात बुडवून ठेवावी, म्हणजे चिकटलेली मुळे न तुटता सुटतात. मग एकेक मूळ बोटांनी हलके दाबून पाहावे. टणक, पांढरे किंवा हिरवट मूळ जिवंत असते. तपकिरी आणि दाबताच पिचकणारे मूळ कापून टाकावे. त्यासाठी कात्रीचे पाते गॅसच्या ज्योतीवर तापवून, गार करून घ्यावे आणि दुसऱ्या रोपाला लावण्यापूर्वी पुन्हा तापवावे, कारण ऑर्किडचे विषाणुरोग कात्रीवरूनही पसरतात आणि त्यांवर औषध नाही. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावावी, मात्र निरोगी मुळांवर ती पडू देऊ नये, कारण ती मुळे सुकवते. रोप हलू नये म्हणून काडीला बांधावे आणि नवीन मुळे दिसेपर्यंत सावलीत ठेवून पाणी बेताने द्यावे.

पाणी किती दिवसांनी द्यावे, या प्रश्नाचे उत्तर कॅलेंडरमध्ये शोधू नये. कोरडे मूळ चंदेरी पांढरे दिसते आणि भिजले की हिरवे होते. पांढरे झाल्यावर पाणी द्यावे, हिरवे असताना हात आवरावा. म्हणूनच फॅलेनॉप्सिस पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत लावणे सोयीचे. पाणी सकाळी आणि भरपूर, तळातून वाहून जाईल इतके द्यावे, पण ताटलीत साचू देऊ नये. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या मध्यावर थेंब राहिले तर कापसाने किंवा टिश्यू पेपरने टिपून घ्यावेत. तिथे रात्रभर पाणी राहिले तर वाढीचा एकमेव कोंब कुजतो आणि रोप संपते. पावसाची झड लागली की उघड्यावरच्या कुंड्या वळचणीखाली घ्याव्यात.

आमच्याकडची खरी अडचण बोअरच्या क्षारयुक्त पाण्याची आहे. कोळशावर पांढरी पुटे चढली आणि मुळांची टोके काळी पडून जळू लागली की पाण्याकडेच बोट दाखवावे. जून ते सप्टेंबरमध्ये पत्र्यावरचे पावसाचे पाणी पिंपात धरून झाकून ठेवावे. पंधरा-वीस कुंड्यांना ते बरेच दिवस पुरते. घरच्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याची अनेकांना सवय असते. ऑर्किडला ते अजिबात घालू नये, कारण त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही अधिक असतात.

उजेडासाठी डेन्ड्रोबियमवर निम्मे ऊन अडवणारे शेडनेट आणि फॅलेनॉप्सिसवर त्याहून दाट सावली असावी. पूर्वेची गॅलरी उत्तम. पश्चिमेच्या गॅलरीत मार्चनंतर जाळी लावल्याशिवाय पाने भाजतात. पाने गर्द हिरवी असून फुले येत नसतील तर उजेड कमी आहे. पिवळट झाली तर ऊन बहुधा जास्त आहे.

खताच्या बाबतीत तासगाव-पलूसकडच्या घरांत साहित्याची वाण नाही, कारण द्राक्षबागेसाठी आणलेली 19:19:19 ची (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेल्या विद्राव्य खताची) पिशवी कोपऱ्यात असतेच. अडचण हात सैल असण्याची आहे. एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि तेही वाढीच्या काळात, एवढे पुरते. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढावी. या खतातील बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो आणि कोळसा-विटांच्या कुंडीत तो रोपाला सावकाश मिळतो, म्हणून अधूनमधून कॅल्शियम नायट्रेटही तितक्याच पातळ प्रमाणात द्यावे. दोन्ही एकाच बादलीत मिसळू नयेत. साका बसतो, हे बागायतदाराला सांगायला नको.

किडींपैकी पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पानांच्या बेचक्यांत दडतात. थोड्या असतील तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसून काढाव्यात. जास्त असतील तर थोडे साबणाचे पाणी मिसळून कडुनिंबाच्या तेलाची फवारणी संध्याकाळी करावी. उन्हात फवारले तर पाने जळतात.

फॅलेनॉप्सिसला काही आठवडे रात्री जराशा गार मिळाल्या की फुलांचा दांडा निघतो, म्हणून साताऱ्यात दिवाळीनंतर ते बंद खोलीत न ठेवता खिडकीशी ठेवावे. कळ्या लागल्यावर कुंडीची जागा बदलू नये. घरात आंब्याची अढी घातली असेल तर त्या खोलीत फुलती कुंडी मुळीच ठेवू नये, कारण पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कळ्या गळतात. माझा एक अख्खा दांडा असा एका हापूसच्या पेटीपायी गेला. डेन्ड्रोबियमची पाने गळालेली जुनी कांडी वाळली नसेल तर कापू नये. तिच्यावर पुन्हा फुले येतात, कधी पिल्लूही, म्हणजे कांडीवरच छोटे नवे रोप, फुटते. पिल्लाची मुळे बोटभर झाली की ते वेगळे लावावे.

संग्रह वाढू लागला की सह्याद्रीची रानटी ऑर्किडे खुणावू लागतात. सातारा जिल्ह्यातील कास पठार 2012 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथे पावसाळ्यात हबेनारियाच्या पांढऱ्या फुलांचे तुरे दिसतात. हे जमिनीत कंद असलेले ऑर्किड आहे. विशिष्ट बुरशीच्या साथीवर ते जगते आणि उपटून आणलेला कंद कुंडीत सहसा टिकत नाही. झाडांवरची एरिडिस किंवा सीतेची वेणी म्हणून ओळखली जाणारी ऱ्हिन्कोस्टायलिसही जंगलातून काढू नये. राखीव वनातून रोप नेणे भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा आहे, आणि रस्त्याच्या कडेला गठ्ठ्याने विकायला ठेवलेली, मुळे तुटलेली रोपे घेणे म्हणजे तोच व्यवहार चालू ठेवणे होय. देशी जाती हव्याच असतील तर प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे विकणाऱ्या रोपवाटिकेकडे चौकशी करावी.

प्रत्येक कुंडीला जातीचे नाव आणि आणल्याची तारीख लिहिलेली पट्टी पहिल्याच दिवशी अडकवावी. शाई उन्हात उडते, म्हणून पेन्सिलीने लिहावे आणि तीच नोंद एका वहीत करून पुढे फुलण्याचे महिने लिहीत जावे. माझ्याकडची सहा डेन्ड्रोबियम आज बिननावाची आहेत. 'जांभळे, उजवीकडचे' यापलीकडे मी त्यांच्याविषयी कोणाला काही सांगू शकत नाही, आणि मध्यंतरी रंगकामासाठी गॅलरी रिकामी केल्यापासून उजवीकडचे कोणते हेही नक्की राहिलेले नाही.