ब्लॉक मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना या चुका टाळा

अंधेरीच्या ऑफिसात भंडाऱ्याकडच्या मॅंगनीजचं ब्लॉक मॉडेल, म्हणजे खनिजसाठ्याचे ठोकळे पाडून केलेलं संगणकी मॉडेल, डेटामाइन या सॉफ्टवेअरमध्ये बांधायचं आणि खाणीवरच्या प्लॅनिंगवाल्यांना सरपॅक या दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी पाठवायचं, हे आमचं नेहमीचं काम. तिकडे फाइल उघडली, रंग दिसले, की सगळे निश्चिंत होतात. चूक असते ती त्यानंतर, टनेज म्हणजे खनिजाचं वजन काढताना कळते.

सर्वांत जास्त घोळ ओरिजिनचा, म्हणजे मॉडेलच्या आरंभबिंदूचा. डेटामाइनमध्ये एक्समॉरिग, वायमॉरिग, झेडमॉरिग हे मॉडेलच्या कोपऱ्याचे आकडे, तर एक्ससी, वायसी, झेडसी सेलच्या (एकेका ब्लॉकच्या) केंद्राचे. सीएसव्हीतला (मॉडेल पाठवायच्या साध्या टेक्स्ट फाइलीतला) सर्वांत लहान एक्ससी उचलून ओरिजिन म्हणून भरला, की १० × १० × ५ मीटरच्या ब्लॉकचं अख्खं मॉडेल ५, ५ आणि २.५ मीटर सरकतं. पातळ, तिरप्या थरात तेवढ्यानं ओर, म्हणजे खनिज, नुसत्या दगडात जाऊन बसतं. ओरिजिन प्रोटोटाइपमधूनच, म्हणजे मॉडेलच्या मूळ चौकटीतूनच घ्या आणि आयात झाल्यावर बोअरहोल वर टाकून एक सेक्शन (उभा छेद) बघाच. सरपॅक आधी वाय म्हणजे नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर) मागतं, मग एक्स म्हणजे ईस्टिंग (पूर्वेकडचं), हेही विसरू नका. आपल्याकडे यूटीएम या मीटरमधल्या नकाशा-पद्धतीचं नॉर्दिंग ७ आकडी आणि ईस्टिंग ६ आकडी, त्यामुळे अदलाबदल नजरेनंच पकडता येते.

मुंबईकरांची खास चूक झोनची. मुंबई यूटीएम झोन ४३ मध्ये, नागपूर-भंडारा ४४ मध्ये. जुन्या प्रोजेक्टचं टेम्प्लेट तसंच वापरलं, की ४३ चिकटून राहतो.

नॉर्दिंग मोठं असल्यानं आणखी एक त्रास होतो. जुन्या सिंगल प्रिसिजन फाइलीत, म्हणजे आकडे मोजक्याच अंकांत साठवणाऱ्या फाइलीत, २०,९७,१५२ च्या पुढे पाव मीटरपेक्षा बारीक फरक मावत नाही. १.२५ मीटरच्या सबसेलचं (ब्लॉकच्या छोट्या तुकड्याचं) केंद्र .६२५ वर आलं, की ते सरकतं आणि सेल एकमेकांवर चढतात. डबल प्रिसिजन निवडा, सीएसव्हीतही दशांश कापू नका.

रिकाम्या ग्रेडचं, म्हणजे धातूचं प्रमाण न काढलेल्या ब्लॉकचं, मला फार वाटतं, कारण ही चूक दिसतच नाही. व्हल्कन या आणखी एका सॉफ्टवेअरमध्ये बरेचजण तिथे -९९ भरतात. ४० टक्क्यांचे नऊ ब्लॉक आणि -९९ चा एक, सरासरी २६.१! आयातीपूर्वी रिकाम्या जागेचा आकडा कुठला, हे समोरच्याला लिहून कळवा. शून्य मात्र भरू नका. शून्य ग्रेड आणि ग्रेड न काढलेला ब्लॉक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. १०,४८,५७६ ओळींनंतरचं सगळं जातं.

पाठवण्याआधी आणि उघडल्यावर, दोन्हीकडे ब्लॉकची संख्या, एकूण घनफळ आणि लिथॉलॉजीनुसार (खडकाच्या प्रकारानुसार) टनेज काढा. संख्या जुळली पण घनफळ नाही, तर सबसेलची मापं आली नाहीत. घनफळ जुळलं पण टनेज नाही, तर घनतेचा कॉलम तपासा.