घरातील सामायिक प्रिंटर छापत नसेल तर दोष कसा शोधावा

एका संगणकाला यूएसबी केबलने जोडलेला प्रिंटर घरातील इतर लॅपटॉपवरूनही वापरता येण्याची सोय विंडोज १० आणि विंडोज ११ या दोन्हींमध्ये आहे. ती बंद पडली की बहुतेक जण सर्वप्रथम प्रिंटर काढून टाकतात आणि ड्रायव्हर (विंडोजला प्रिंटरशी बोलायला लावणारे सॉफ्टवेअर) पुन्हा बसवू लागतात. त्यात तास-दोन तास जातात आणि मूळ दोष बहुधा तसाच राहतो. छापण्याचा आदेश लॅपटॉपपासून कागदापर्यंत ज्या टप्प्यांतून जातो, त्यांपैकी नेमका कोणता अडला आहे हे आधी ठरवावे आणि ड्रायव्हरला सर्वांत शेवटी हात लावावा.

ज्याला प्रिंटर जोडलेला आहे त्याला आपण मुख्य संगणक म्हणू. तपासणीची सुरुवात तेथून करावी. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन टेस्ट पेज छापून पाहावे. तेच निघाले नाही, तर नेटवर्कचा प्रश्नच उद्भवत नाही. केबल आणि कागद ठीक असूनही रांगेतील काम ‘डिलीटिंग’ असे दाखवत अडकून पडले असेल, तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन छपाईची रांग सांभाळणारा ‘प्रिंट स्पूलर’ थांबवावा, विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधील ‘स्पूल’ आणि त्यातील ‘प्रिंटर्स’ या फोल्डरमधल्या फाइली पुसाव्यात (‘प्रिंटर्स’ हे फोल्डर मात्र तसेच ठेवावे) आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. मुख्य संगणक झोपी गेला असेल तर प्रिंटर चालू असूनही लॅपटॉपला तो सापडत नाही, म्हणून पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीपची वेळ वाढवून ठेवणे इष्ट.

टेस्ट पेज नीट निघाले, तर दोन्ही संगणक खरोखर एकाच नेटवर्कवर आहेत का, हे पाहावे. आपल्याकडील घरांत दोष येथे वारंवार सापडतो. फायबर जोडणीसोबत आलेल्या मोडेमला स्वतःचे वाय-फाय असते, आणि आतल्या खोलीत सिग्नल पोहोचत नाही म्हणून दुसरा राउटर बसवलेला असतो. हे दोन्ही उपकरणांना आपापले आयपी पत्ते (नेटवर्कवरील ओळख क्रमांक) वाटत असतील, तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. इंटरनेट दोन्हींवर चालत असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. दोन्ही संगणकांवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा देऊन पत्ते ताडून पाहावेत. एकाचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर निदान झाले; दुसरा राउटर त्याच्या सेटिंगमधून ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर न्यावा, म्हणजे पत्ते एकाच ठिकाणाहून मिळतील. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. लॅपटॉप ‘गेस्ट’ वाय-फायवर असेल तरीही मुख्य संगणक दिसत नाही, कारण पाहुण्यांची उपकरणे घरच्या उपकरणांपासून वेगळी ठेवणे हाच त्या सोयीचा हेतू असतो.

यानंतर मुख्य संगणकावरील नेटवर्क प्रोफाइल पाहावे. नवा राउटर आला किंवा वाय-फायचे नाव बदलले की विंडोज त्याला नवे नेटवर्क समजते आणि ते ‘पब्लिक’ म्हणून नोंदवले गेले की शेअरिंग बंद होते. ते ‘प्रायव्हेट’ करावे, ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये नेटवर्क डिस्कव्हरी (संगणकांना एकमेकांना शोधू देणारी सोय) आणि फाइल-प्रिंटर शेअरिंग सुरू करावे. बाहेरून येणाऱ्या जोडण्या रोखणारी फायरवॉल संपूर्ण बंद करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो मानू नये, त्याची गरजही नसते.

आता लॅपटॉपवरील ‘रन’ चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन त्यापुढे मुख्य संगणकाचे नाव टाकावे आणि मग नावाऐवजी आयपी पत्ता टाकून पाहावा. पत्त्याने प्रिंटर दिसला पण नावाने दिसला नाही, तर जोडणी शाबूत असून केवळ नाव शोधण्यात अडचण आहे. अशा वेळी मुख्य संगणकावरील ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सर्व्हिस सुरू आहे का ते पाहावे. जोडणी पत्त्यावरच ठेवायची असेल, तर राउटरमध्ये तो पत्ता मुख्य संगणकासाठी राखून ठेवावा, नाहीतर वीज जाऊन आल्यावर राउटर वेगळा पत्ता देण्याची शक्यता असते. राउटर संगणकाला त्याच्या हार्डवेअर अ‍ॅड्रेसवरून ओळखतो, म्हणून विंडोजमधील ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस’ हा पर्याय सुरू असेल तर हे आरक्षण टिकेलच असे नाही.

लॅपटॉपने नाव आणि पासवर्ड विचारला, तर तेथे मुख्य संगणकावरील खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो. रोज लॉगिनसाठी वापरला जाणारा पिन नेटवर्कवर चालत नाही. पासवर्डच नसलेल्या खात्यालाही विंडोज नेटवर्कवरून प्रवेश देत नाही. मुख्य संगणकावर पासवर्ड असलेले एक स्वतंत्र स्थानिक खाते काढून तेच छपाईसाठी वापरणे मला सर्वांत सुटसुटीत वाटते.

इतके करूनही जोडताना ११बी ने संपणारा एरर आला, तर त्याचे मूळ सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटमध्ये आहे. त्या अपडेटपासून विंडोज छपाईच्या दूरस्थ जोडणीसाठी अधिक कडक पडताळणी मागते. विंडोजची अंतर्गत सेटिंग्ज जिथे साठवलेली असतात त्या रजिस्ट्रीत एक नोंद शून्य करून ही पडताळणी घालवता येते. परंतु तसे करणे म्हणजे बुजवलेली सुरक्षेची फट पुन्हा उघडणे होय. आधी दोन्ही संगणक अद्ययावत करावेत. तरीही काम झाले नाही, तर लॅपटॉपवर प्रिंटरचा ड्रायव्हर स्वतंत्रपणे बसवावा, ‘लोकल पोर्ट’ (छपाईचा आदेश कोठे पाठवायचा ते सांगणारी नोंद) तयार करावा आणि पोर्टचे नाव म्हणून त्याच तिरप्या रेघांसह मुख्य संगणकाचे व शेअर केलेल्या प्रिंटरचे नाव द्यावे. या मार्गाने अडचण बहुधा सुटते आणि संरक्षणही अबाधित राहते.

प्रिंटरला स्वतःचे वाय-फाय असेल, तर मुख्य संगणकाचा मध्यस्थपणा सोडून तो थेट राउटरला जोडणे अधिक चांगले. त्या मांडणीत छपाई शक्य असूनही प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसत राहिला, तर प्रिंटरच्या टीसीपी/आयपी पोर्टच्या सेटिंगमधील ‘एसएनएमपी स्टेटस’ची (प्रिंटरला त्याची स्थिती विचारणाऱ्या सोयीची) खूण काढून पाहावी.