आई आणि लेक दोघींनाही दमा? मग या चुका टाळा (आम्ही सगळ्या करून बसलोय)

मला दमा शाळेत असल्यापासून, लेकीला चौथ्या वर्षी निघाला, आता ती ११ ची आहे. दोन पंपवाल्या एका घरात.

सगळ्यात मोठी चूक माझीच. तिचा पंप सकाळ-संध्याकाळ न चुकता द्यायचा आणि माझा? डबा भरा, बस गाठा, राहिला तर राहिला. एकदा रात्री दोन वाजता तिला दम लागला म्हणून उठले तर मलाच जिन्यावरून धावत आल्यासारखी धाप, छातीत घरघर. तीच म्हणाली, आई तू आधी घे, मी थांबते. अशी लाज वाटली ना!

दुसरी चूक म्हणजे बरं वाटलं की रोजचा पंप बंद करणं. सालब्युटामॉलवाला पंप आवळलेल्या श्वासनळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या करतो, आतली सूज मात्र रोजच्या स्टेरॉइडवाल्या पंपानेच कमी राहते, आणि ती सूज खोकला थांबला तरी असू शकते. "सवय लागेल पोरीला" हे मी सासूबाईंकडून, शेजारणीकडून, सगळ्यांकडून ऐकलंय. सवय वगैरे काही लागत नाही, पण डॉक्टरांना न विचारता बंद केला की थंडी पडली रे पडली, आमची परत पळापळ.

पंप घेण्यातल्या चुका तर विचारूच नका. न हलवता घेणं, आधी श्वास बाहेर न सोडणं, स्पेसरमध्ये (पंपाला जोडायची ती प्लॅस्टिकची नळी) दोन पफ एकदम मारणं. एका वेळी एकच पफ, हळू खोल श्वास, मग दहापर्यंत मोजत रोखायचा, आणि दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने. मी घेत असले की दहा ती मोजते, आणि मुद्दाम हळूहळू मोजते, कार्टी. रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात, मला आले होते. स्पेसर मी वर्षभर फडक्याने घासून पुसत होते, तर त्याने स्थिर वीज तयार होऊन औषध प्लॅस्टिकलाच चिकटतं म्हणे! साबणाच्या पाण्यात बुडवायचा आणि तसाच वाळू द्यायचा. आणि पंप संपला का हे हलवून किंवा डबी पाण्यात टाकून कळत नाही, औषध संपलं तरी नुसता गॅस येत राहतो. आकडा दाखवणारा पंप नसेल तर पफ मोजा, आमच्या निळ्या, सालब्युटामॉलवाल्या पंपावर २०० लिहिलेत.

सिरपचंही सांगते. पंप नको, पातळ औषध द्या असं मीच डॉक्टरांकडे हट्टाने मागितलं होतं. एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम सालब्युटामॉल, ५ मिली सिरपमध्ये २ मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट औषध पोटातून फिरून जाणार, वर उशिरा लागू पडणार आणि हात थरथरणार ते वेगळंच.

दम लागला की आडवं करू नका, ताठ बसवा, घट्ट कपडे सैल करा आणि डॉक्टरांनी लिहून दिलेत तेवढे पफ द्या. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील तर वाफ, ओव्याची धुरी असलं काही करत बसू नका, सरळ हॉस्पिटल, आणि वाटेत पंप चालू ठेवा. (धुरी तर एरवीही नकोच. डासांची कॉइल आणि उदबत्ती आमच्याकडे बंद आहे, गणपतीत घरी येणाऱ्यांना चालतं तर चालतं.)

आणि लपवालपवी. स्पोर्ट्स डेला तिला धाप लागली होती, तिने सांगितलंच नाही, का तर आई पुढच्या वेळी पळू देणार नाही. आणि खरंच, मी दिलं नसतं! मग डॉक्टरांनीच समजावलं की दमा ताब्यात असेल तर पळायला हरकत नाही, हवं तर आधी एक-दोन पफ घेऊन. शिकली कोणाकडून लपवायला? मी पण खोकला आला की बाथरूममध्ये जाऊन खोकायचे.

आता फ्रिजवर कॅलेंडर आहे, दोघींचे वेगळे रकाने. पंप राहिला की लाल गोळा, आणि माझे गोळे ती काढते. मागच्या महिन्यात तिचा एक, माझे चार.